गोमेद, जरकन आणि विहिरीतली गारगोटी

बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात, मोरगावच्या बाजूला, लोणी भापकर नावाचे जुने गाव आहे. तिथल्या मल्लिकार्जुनाच्या देवळापुढे पायऱ्यापायऱ्यांची सुंदर पुष्करणी आहे आणि दगडात घडवलेला यज्ञवराह आहे. शेकडो वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी कातळातून देव काढला. त्याच मुलखातला शेतकरी आजही कातळाशीच झुंजतो आहे, पण पाण्यासाठी. माती संपली की मुरूम, मुरूम संपला की काळा पाषाण, आणि त्याच्या खाली कधी पाणी तर कधी नुसती धूळ. अशा खोदाईत एखाद्या दिवशी सुरुंगाचा धूर विरला की पोकळीत काहीतरी लखलखते. विहिरीवरची सारी माणसे भोवती जमतात. कोणी म्हणतो स्फटिक, कोणी म्हणतो हिरा, आणि राहूकेतूचे थोडे ऐकून असलेला एखादा ठामपणे सांगतो, "अहो, हा गोमेद!"

तो गोमेद नसतो, हे आधीच सांगून टाकतो. पण गोमेद म्हणजे तरी नेमके काय? याचे उत्तर सराफाच्या दुकानात एक मिळते, ज्योतिषाकडे दुसरे आणि शब्दकोशात तिसरे. या घोळात आपल्या शेतकरी घरांतला पैसा जातो. लग्नसराईत जातो, साडेसातीच्या धास्तीने जातो, मुलाला नोकरी लागत नाही म्हणून जातो. ज्याच्यावर पैसा खर्च होतो त्या मालाची ओळख आपल्याला असावी, म्हणून हा लेख.

गोमेद हा शब्द संस्कृत. गाईच्या मेदासारखा, म्हणजे चरबीसारखा पिवळसर, म्हणून गोमेद. नवरत्नांत तो राहूचा खडा. आज पेढीवर गोमेद म्हणून जो मधाच्या रंगाचा किंवा तांबूस पिवळा खडा देतात, तो खनिजशास्त्रात 'हेसोनाइट' नावाचा गार्नेट असतो. गार्नेट ही मोठी खनिजबिरादरी आहे आणि त्यातल्या चुनखडी-ॲल्युमिनियमच्या शाखेतला हा एक. चांगला हेसोनाइट श्रीलंकेतून येतो, आपल्याकडे ओरिसातूनही येतो. पण जुन्या पुस्तकांत आणि कोशांत पाहाल, तर गोमेद या शब्दापुढे 'झिरकॉन' असा अर्थ दिलेला पुष्कळदा सापडेल. झिरकॉन हे अगदी वेगळे खनिज आहे. रंगाने दोघे कधीकधी जुळ्या भावांसारखे दिसतात. नावांची सरमिसळ त्यामुळेच झाली.

झिरकॉन या नावाची कुळकथाही मजेची आहे. फारसी भाषेत 'झर' म्हणजे सोने. आपल्या आयाबहिणींच्या लुगड्याची जर, जरीकाठ, जरतारी शेला, हे सारे त्याच 'झर'चे. 'झरगून' म्हणजे सोनेरी रंगाचा, आणि त्यावरूनच झिरकॉन हा शब्द आला असे मानतात. आपल्या बाजारात त्याचे 'जरकन' झाले. सारी वाट फिरून शब्द पुन्हा जरीजवळ आला म्हणायचा.

आता बाजारातला खरा घोटाळा पाहा. जरकन म्हणून, शुक्राचा खडा म्हणून किंवा हिऱ्याचे उपरत्न म्हणून जो पांढरा झळझळीत खडा दिला जातो, तो पुष्कळदा जमिनीतून निघालेला झिरकॉन नसतोच. तो कारखान्यात बनवलेला असतो. त्याचे शास्त्रीय नाव 'क्यूबिक झिरकोनिया'. पेढीवर त्यालाच 'अमेरिकन डायमंड' म्हणतात, कोणी नुसते 'एडी' म्हणतात. यातली गंमत अशी की हा खडा अमेरिकन नाही आणि डायमंडही नाही. तो मोठ्या प्रमाणावर बनवण्याची रीत १९७० नंतरच्या दशकात मॉस्कोच्या लेबेदेव संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी बसवली, आणि १९७६ च्या सुमारास हे खडे जगाच्या बाजारात उतरले. झिरकोनियम धातूचा ऑक्साइड सुमारे २,७५० अंश सेल्सियसला वितळतो. इतकी उष्णता सोसणारे भांडे आणायचे कोठून? म्हणून बाहेरून पाणी खेळवलेल्या तांब्याच्या नळ्यांच्या कढईत त्या पदार्थाचीच पूड भरतात आणि विजेच्या लहरींनी ती आतून वितळवतात. कडेची पूड थंड राहते आणि तीच भांड्याचे काम करते. भाताच्या खरपुडीत भात शिजावा तसाच प्रकार. यात इट्रियम किंवा कॅल्शियम थोडे मिसळावे लागते, नाहीतर थंड होताना खडा फुटून जातो.

म्हणजे लक्षात ठेवायच्या वस्तू तीन झाल्या. हेसोनाइट हा बाजारातला गोमेद. झिरकॉन हे निसर्गातले झिरकोनियम व सिलिका यांचे खनिज. आणि क्यूबिक झिरकोनिया हा मानवनिर्मित अमेरिकन डायमंड. तिसरा खडा वाईट असतो असे कोणी समजू नये. दिसायला तो देखणा आहे, टिकायला बरा आहे, आणि चार पैशांत पोरीची हौस होते. पण तो त्याच्या नावाने आणि त्याच्या भावाने विकला गेला पाहिजे. ज्वारी म्हणून ज्वारी घ्यावी आणि गहू म्हणून गहू.

ओळखायचे कसे, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. डोळ्यांनी ओळखणे जाणत्यालाही अवघड जाते. तरी सराफाकडे दहापट मोठे दाखवणारे भिंग असते, ते मागून घ्या आणि खडा उजेडाकडे धरा. हेसोनाइटच्या आत पाहिले तर पाण्यात काकवी ढवळावी तशा वळवळत्या रेषा दिसतात. गुऱ्हाळावर हात लावलेल्या माणसाला हे दुसऱ्यांदा सांगावे लागणार नाही. झिरकॉनमध्ये निराळाच चमत्कार दिसतो. वरून पाहताना खड्याच्या मागच्या पैलूंचे काठ एकाच्या जागी दोन दोन दिसतात, कारण त्यातून जाणारा प्रकाश दुभंगतो. हिऱ्यात, हेसोनाइटमध्ये आणि अमेरिकन डायमंडमध्ये काठ एकेरीच दिसतात. मात्र झिरकॉनला एका विशिष्ट दिशेने पाहिले तर दुभंगलेपण दिसत नाही, म्हणून खडा फिरवून दोनतीन बाजूंनी पाहावा.

याहून खात्रीची कसोटी पाण्याची आहे. विहिरीतून बादली ओढताना पाण्यात आहे तोवर हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की हात ओढते, हे तुमच्या अंगवळणी पडलेले आहे. खड्याचेही तसेच. आधी खडा कोरडा तोलायचा, मग दोऱ्याने बांधून पाण्यात लोंबकळत ठेवून तोलायचा. कोरड्या वजनाला दोन्ही वजनांच्या फरकाने भागले की विशिष्ट गुरुत्व निघते. गारगोटीचे ते २.६५ च्या आसपास येते, हिऱ्याचे ३.५२, हेसोनाइटचे सुमारे ३.६५, चांगल्या झिरकॉनचे ४.६ ते ४.७ आणि अमेरिकन डायमंडचे साडेपाचाच्या वर, सहापर्यंत. उदाहरणच घ्या. एक ग्रॅमचा खडा पाण्यात ०.७३ ग्रॅम भरला तर फरक ०.२७, भागाकार ३.७, म्हणजे हेसोनाइट असण्याचा संभव. तोच पाण्यात ०.७८ ते ०.७९ भरला तर झिरकॉनकडे बोट जाते. यासाठी खडा अंगठीतून मोकळा असायला हवा आणि काटा सराफाचा बारीक हवा. शाळेत जाणाऱ्या मुलाला हे गणित करायला सांगा. आर्किमिडीजचा धडा त्याला जन्मभर विसरायचा नाही.

हे विशिष्ट गुरुत्व मी इतके आळवून सांगतो आहे, त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते थेट तुमच्या खिशाशी निगडित आहे. अमेरिकन डायमंड वजनाला जड असतो. त्याच मापाच्या हिऱ्यापेक्षा तो दीडपटीहून अधिक भरतो. हल्ली मंगळसूत्राचे पदक, कुड्या, ठुशी, बांगड्या, सगळ्यांत हे खडे जडवलेले असतात. समजा पदक एकूण सहा ग्रॅमचे आहे आणि त्यात खडे ऐंशी शतांश ग्रॅमचे आहेत. दुकानदाराने सहाही ग्रॅमला सोन्याचा भाव लावला, तर त्या ०.८ ग्रॅम दगडाला तुम्ही सोन्याचे मोल दिलेत. आणि तेच पदक अडीनडीला मोडायला नेलेत की तोच माणूस खडे उचकटून बाजूला ठेवतो आणि उरलेल्या सोन्याचे पैसे देतो. घेताना दगड सोने होता आणि देताना पुन्हा दगड झाला! पेरणीच्या तोंडावर, दवाखान्याच्या वेळी, ज्या दागिन्याच्या भरवशावर घर असते तिथे ही गफलत परवडणारी नाही.

म्हणून पावतीवर दोन वजने लिहून मागा, एकूण वजन आणि सोन्याचे निव्वळ वजन. हॉलमार्क असलेल्या दागिन्याच्या पावतीत निव्वळ वजन आणि शुद्धता लिहायची असतेच. हॉलमार्क म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची खूण, शुद्धतेचा आकडा (बावीस कॅरटला ९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून असा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असलेलेच हॉलमार्कचे दागिने दुकानदाराने विकावेत असा नियम झाला आहे. तथापि एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. हा शिक्का सोन्याच्या शुद्धतेचा आहे. दागिन्यातल्या खड्याबद्दल तो काही सांगत नाही.

खड्याच्या वजनाचीही अशीच गंमत आहे. पूर्वी रत्ती म्हणजे गुंज, म्हणजे गुंजेच्या वेलीचे ते लाल-काळे बी. आता कोणाची रत्ती कच्ची, कोणाची पक्की, आणि सगळीकडे माप एकच नाही. कॅरट मात्र जगभर एकच, २०० मिलिग्रॅम. 'सव्वासात रत्तीचा घाला' असे कोणी सांगितले, तर पावतीवर वजन कॅरटमध्ये किंवा ग्रॅममध्ये लिहून घ्या. (सोन्याचा कॅरट शुद्धतेचा आणि खड्याचा कॅरट वजनाचा, ही दोन निराळी मापे आहेत. त्यांची गल्लत करू नये.)

खडा घालून ग्रह शांत होतो का, या वादात मी शिरत नाही. श्रद्धा ज्याची त्याची. माझे मत विचाराल, तर कर्ज काढून खडा घालू नये एवढे मी निक्षून सांगेन, मग तो कोणत्याही ग्रहाचा असो. त्या रकमेत ठिबकची एखादी ओळ दुरुस्त होते, मुलीची वर्षाची पुस्तके येतात. पण ज्याला घालायचाच आहे त्याने तरी पैसे देऊन भलताच दगड का घ्यावा? गोमेद घेत असाल तर पावतीवर 'हेसोनाइट गार्नेट' असे लिहून मागा. जरकन घेत असाल तर 'नैसर्गिक झिरकॉन' की 'क्यूबिक झिरकोनिया' हे लिहून मागा. खरा व्यापारी लिहून देताना कचरत नाही. रक्कम मोठी असेल तर रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेचा दाखला मागावा. मुंबईला आणि जयपूरला अशा प्रयोगशाळा आहेत.

आता खऱ्या झिरकॉनकडे वळू. हा दगड बाजारातल्या नकलेपेक्षा कितीतरी सुरस आहे. त्याचे रंग तपकिरी, तांबडा, पिवळा, हिरवा, आणि कधी अगदी निर्मळ पांढरा. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला मातर म्हणून गाव आहे. तिथले पांढरे झिरकॉन एके काळी 'मातरचे हिरे' या नावाने विकले जात. त्याचा निळा रंग फार वाखाणला जातो, पण तो बहुधा भट्टीतला असतो. कंबोडियाच्या रतनकिरी भागातले तपकिरी खडे हजार अंशांच्या आसपास तापवले की निळे होतात. काही खडे पुढे उन्हाने पुन्हा तपकिरीकडे झुकतात. झिरकॉन कठीण आहे, पण त्याचे काठ ठिसूळ आहेत. दोन खडे एका पुडीत ठेवले तर एकमेकांना घासून कडा झिजतात. तेव्हा शेण-माती, खुरपे-विळा यांत रोज राबणाऱ्या हाताच्या अंगठीला तो शोभत नाही. दागिना सांधायला दिला तर सोनाराच्या फुंकणीच्या आचेने रंग पालटण्याचाही धोका असतो.

१७८९ साली क्लापरोथ नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सिलोनच्या झिरकॉनमधून एक नवा पदार्थ ओळखला. त्यातून धातू वेगळा केला तो स्वीडनच्या बर्झेलियसने, १८२४ मध्ये. तोच झिरकोनियम.

हा झिरकॉन आपल्या लोणी भापकरच्या विहिरीत का सापडत नाही? याचे उत्तर आपल्या काळ्या पाषाणातच आहे. आपला कातळ म्हणजे बेसाल्ट, भुईतून उसळून थरावर थर पसरत गेलेला लाव्हारस. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग या कातळाने झाकलेला आहे. या रसात सिलिका कमी असते, त्यामुळे त्यात झिरकॉनचे स्फटिक सहसा धरत नाहीत. झिरकॉनचे माहेर म्हणजे ग्रॅनाइटसारखा खडक. तसा खडक आपल्याकडे नांदेडच्या देगलूर-बिलोली भागात आहे, पूर्व विदर्भात आहे. त्यातही झिरकॉन असतो तो बारीक कणांच्या रूपात. अंगठीत बसवण्याजोगा नव्हे.

ग्रॅनाइट झिजला, त्याची माती झाली, तरी झिरकॉनचा कण झिजत नाही. नद्या त्याला समुद्रावर नेतात, आणि मग लाटा उफणणी करतात. तुम्ही वाऱ्यावर धान्य उफणता तेव्हा भूस लांब जाते आणि दाणा जवळ पडतो. तसेच किनाऱ्यावर हलकी वाळू वाहून जाते आणि जड कण मागे राहतात. केरळात चवऱ्याला, तामिळनाडूत मनवलकुरिचीला आणि ओरिसात छत्रपूरला अशी जड वाळू आहे. १९५० साली स्थापन झालेली 'इंडियन रेअर अर्थ्स' ही सरकारी कंपनी तिच्यातून इल्मेनाइट, मोनाझाइट यांच्याबरोबर झिरकॉन वेगळा काढत आली आहे. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही, काळबादेवी, नेवरे, मालगुंडकडे, काळी वाळू दिसते. ती मुख्यतः इल्मेनाइटची.

या वाळूचे पुढे काय होते ते थोडक्यात सांगतो. तुमच्या न्हाणीघरातल्या पांढऱ्या फरशीवरच्या लुकणात झिरकॉनची पूड असते. ओतकामाच्या कारखान्यात साच्याला झिरकॉनचा लेप देतात, म्हणजे तापलेले लोखंड साच्याला चिकटत नाही. दातांच्या डॉक्टरकडे हल्ली जी पांढरी 'झिरकोनिया'ची टोपी बसवतात, ती अमेरिकन डायमंडचीच सख्खी बहीण. आणि झिरकोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत अणुभट्टीचे इंधन भरतात. त्या नळ्या हैदराबादच्या सरकारी संकुलात तयार होतात. आपल्या तारापूरला १९६९ पासून ज्या अणुवीजकेंद्राची वीज मिळू लागली, त्याच्या इंधनालाही अशाच नळ्यांचे कवच असते.

पण माझ्या मते झिरकॉनचा सर्वांत मोठा उपयोग बाजारात नाही. तो काळ मोजण्याचा आहे, आणि इथे आपल्या मुलखाचा संबंध पुन्हा येतो.

झिरकॉनचा स्फटिक तयार होताना थोडे युरेनियम आत घेतो, पण शिशाला दारातच अडवतो. युरेनियम ठरलेल्या गतीने आपोआप शिसे बनत जाते. त्यातल्या मुख्य प्रकाराचा अर्धा भाग व्हायला ४४७ कोटी वर्षे लागतात. पेवात बंद केलेले धान्य समजा अगदी ठरलेल्या गतीने किडत असते, तर पेव उघडल्यावर किडके किती आणि चांगले किती हे मोजून ते कधी भरले हे सांगता आले असते. तसेच हे. आत सापडलेले शिसे मोजायचे, उरलेले युरेनियम मोजायचे, की स्फटिकाचे वय हाती येते. ऑस्ट्रेलियाच्या जॅक हिल्स भागातले झिरकॉनचे कण सुमारे ४४० कोटी वर्षांचे निघाले. पृथ्वीच्या पाठीवर माणसाच्या हाती लागलेला, इथेच घडलेला याहून जुना तुकडा नाही. ओरिसात केंदुझर जिल्ह्यातल्या चंपुआजवळ ४२४ कोटी वर्षांचे कण सापडल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. (इतके थोडे युरेनियम अंगठीच्या खड्यात असले तरी घाबरण्याचे कारण नाही.)

मग आपला सह्याद्री कधी घडला? कातळात झिरकॉन नाही, तर घड्याळ आणायचे कोठून? ते सापडले तांबड्या मातीत. विहीर किंवा बोअर घेताना काळ्या कातळाच्या दोन थरांच्या मध्ये कधीकधी विटकरी रंगाचा मऊ पट्टा लागतो आणि बोअरमधून लाल गाळ वर येतो. आपली माणसे म्हणतात, गेरू लागला. पाण्याच्या आशेने खोदणाऱ्याला हा पट्टा आवडत नाही. चिकट असतो, पाणी सोडत नाही, उघडा पडला की ढासळतो. पण हा पट्टा म्हणजे लाव्हारसाचे दोन लोट यांच्या मधल्या विसाव्याच्या काळातली जमीन. एक थर थंड झाला, त्यावर ऊनपाऊस पडला, वरचा भाग कुजून माती झाली, आणि मग पुढच्या लोटाने तिला भाजून गाडून टाकले. त्या विसाव्याच्या काळात दुसऱ्या जातीच्या ज्वालामुखींची राख उडून तिच्यावर पडली, आणि त्या राखेत झिरकॉनचे कण होते. केसाच्या जाडीइतके बारीक.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी सह्याद्रीच्या घाटांतले हे तांबडे पट्टे शोधून त्यातले कण वेचले. २०१५ मध्ये त्यांनी मांडले की लाव्ह्याचा मुख्य भर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, आणि तो साडेसात लाख वर्षांच्या आत उरकला. तेवढ्या काळात अकरा लाख घनकिलोमीटरहून अधिक रस बाहेर पडला. या भराची सुरुवात डायनोसॉर नाहीसे होण्याच्या अडीच लाख वर्षे आधीची. डायनोसॉर कशाने मेले, मेक्सिकोत आदळलेल्या अशनीने की आपल्या दख्खनच्या धुराने, यावर शास्त्रज्ञांचे अजून वाद आहेत. त्या वादातला एक मोठा साक्षीदार आपल्या घाटातल्या तांबड्या मातीत दडलेला होता, एवढे खरे. पुढच्या वेळी बोअरच्या तोंडाशी लाल गाळ आला तर कपाळाला हात लावण्याआधी चिमूटभर बोटांत घेऊन पाहा.

आता विहिरीत लखलखले ते काय, हे सांगायचे राहिले. लाव्हारस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि कातळाला अनारशासारखी जाळी पडली. पुढे लाखो वर्षे त्या पोकळ्यांतून क्षार विरघळलेले पाणी झिरपले आणि आत स्फटिक वाढले. यातली पांढरी गारगोटी, जांभळसर स्फटिक आणि अकीक ही सारी सिलिकाची भावंडे. बाकीचे बहुतेक झिओलाइट जातीचे आणि त्यांच्या सोबत्यांचे. फिकट गुलाबी पंख्यासारखा स्टिल्बाइट, सुयांच्या जुडीसारखा स्कोलेसाइट, काचेच्या चौकोनी तुकड्यासारखा अपोफिलाइट. राहुरीजवळ मोमीन आखाड्याच्या विहिरीतला हिरवट अपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीतला निळाभोर कॅव्हन्साइट तर दुसरीकडे तसा मिळतच नाही. सिन्नरला 'गारगोटी' याच नावाचे संग्रहालय आहे. शाळेची सहल त्या बाजूला गेली तर मुलांना आवर्जून दाखवावे. 'हिऱ्यापोटी गारगोटी' ही म्हण आपण नालायक मुलाला लावतो. त्या म्हणीने गारगोटीवर थोडा अन्यायच केला आहे.

कसोटी सोपी आहे. चाकूच्या टोकाने कोपऱ्यात हलकेच ओरखडा काढून पाहा. स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांच्यावर ओरखडा उठतो. गारगोटीवर उठत नाही. पाण्यातली वजने घेतलीत तर झिओलाइट सव्वादोनच्या आसपास भरतील, गारगोटी २.६५. साडेचाराच्या पुढे काही भरत नाही. कोणी दलाल "हा जरकन आहे, तपासायला आधी इतके हजार भरा" म्हणाला, तर त्याला दारातूनच वाटेला लावा. आणि दुसरा कोणी "कसला दगड, पन्नास रुपये घे अन् दे" म्हणाला, तर त्यालाही लगेच हो म्हणू नका. देखणा, न तुटलेला गुच्छ संग्राहकाला हवा असतो आणि पहारेच्या एका घावात त्याचे मोल जाते. सापडलाच तर कातळाच्या तुकड्यासकट काढा, भुशात किंवा जुन्या धडप्यात गुंडाळा, आम्लाने धुऊ नका. सुरुंगानंतर लगेच कोणी खाली उतरू नये. न फुटलेला बार आणि सैल दरड यांपुढे कोणताही स्फटिक मोलाचा नाही.

विकण्याआधी तहसील कचेरीत चौकशी करावी हे बरे. शेत आपले असले तरी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे जमिनीतल्या खनिजावर हक्क सरकारचा असतो.

आणि पेढीवर फसगत झालीच असेल तर? पावती असेल तर गप्प बसू नका. पहिल्यांदा दुकानदाराला लेखी कळवा आणि त्याची प्रत जवळ ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मग खरेदी मुंबईची का असेना. मालासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील देण्याचीही सक्ती नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. सोबत पावती, खड्याचा प्रयोगशाळेचा दाखला आणि दुकानदाराला पाठवलेल्या पत्राची प्रत जोडावी. खडा मात्र अंगठीतून काढून दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नये, तो तसाच जपून ठेवावा.